चपलांचा कौल

माझ्या वडिलांना घरात, बिल्डिंगमध्ये आणि गावाकडच्या सगळ्या नातेवाइकांत एकच विशेषण होतं. लहरी. "माणूस वाईट नाही हो, जरा लहरी आहे." आईचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं गेलं त्या संध्याकाळी शेजारच्या काकू रुमालात बर्फ गुंडाळून घेऊन आल्या, तेव्हा त्याही हेच म्हणाल्या. आईने मान डोलावली. भुवईच्या वर फुटलं होतं आणि रक्त डोळ्यात उतरत होतं, तरी तिने मान डोलावली.

मी आता मुलुंडच्या एका शाळेत मराठी शिकवते. सातवीच्या वर्गात 'लहरी' या शब्दाचा वाक्यात उपयोग करायला सांगितला की निम्मा वर्ग लिहितो, पाऊस लहरी आहे. दोन-चार हुशार मुलं लिहितात, राजा लहरी होता. मी दोन्ही वाक्यांना बरोबरची खूण देते. पावसाला कोणी जाब विचारत नाही, राजालाही विचारत नव्हतं, तेव्हा वाक्यं बरोबरच आहेत. वडील लहरी होते असं आजवर एकाही मुलाने लिहिलेलं नाही. लिहिलं तर मी त्या मुलाला मधल्या सुट्टीत थांबवून घेईन.

वडिलांना मी इथे 'तो' म्हणणार आहे. तोंडावर आयुष्यभर 'अहो बाबा' केलं, तेवढं पुरे झालं.

आम्ही दिंडोशीला राहायचो, वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत. आजोबा गिरणीत होते. तो कांजूरमार्गच्या एका कारखान्यात फिटर होता. कंपनीच्या बसने जायचा, कंपनीच्या बसने यायचा. संध्याकाळी साडेपाचला जिन्यावर त्याची पावलं वाजली की आई गॅस बारीक करायची आणि दाराच्या भिंगाला डोळा लावायची. त्याचा चेहरा बघायला नाही. त्याने चप्पल कशी काढली ते बघायला.

हे जरा समजावून सांगायला हवं. आमच्या गावच्या देवळात अजूनही कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे तोंडं मिटून बघत बसतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. लग्न करावं की नाही, विहीर कुठे खणावी, पोराला मुंबईला धाडावं का, सगळं त्या पाकळीवर ठरतं. आई त्या देवळाच्या पाठच्या घरात वाढली. आणि उलटी चप्पल पडली की घरात भांडण होतं, हे तर कुठल्याही घरात म्हणतात. आईने या दोन गोष्टी जोडून स्वतःपुरता एक कौल तयार केला होता.

चपला जोडीने, बोटं दाराकडे करून असल्या तर उजवा कौल. चहा द्यायचा, दोन शब्द बोलायचे. एक चप्पल दुसरीवर चढली असेल तर चहा ठेवून आत निघून यायचं. आणि एक जरी उलटी पडली असेल, तर मला शेजारी धाडायचं, गणिताचं पुस्तक आणायला. मी पाचवीत असल्यापासून दहावी होईपर्यंत शेजारच्या काकूंकडून गणिताचं पुस्तक आणत होते. त्यांच्या घरात शाळेत जाणारं कोणी नव्हतं.

कौल बरेचदा खरा निघायचा. खोटा निघाला की आई कौलाला दोष द्यायची नाही. "माजाच बघूक चुकला," म्हणायची. आपण नीट वाचलं नाही, भिंगातून तिरकं दिसलं, असं काहीतरी.

कारण तर कधीच नसायचं. निदान आम्हाला सापडायचं नाही. एकदा बांगड्याच्या तिखल्यात मीठ दुप्पट पडलं, तर हसत हसत भात मागून घेतला आणि म्हणाला, समुद्राचं पाणी घातलंस की काय. दोन दिवसांनी तेच तिखलं अगदी नेटकं झालं होतं. त्याने पहिला घास घेतला, ताट उचलून भिंतीवर मारलं आणि आईचे केस मुठीत धरून तिला उठवलं. ओट्याची कड तिच्या कपाळाला लागली ती तेव्हाच. नववीत मी वर्गात पहिली आले म्हणून त्याने पेढे वाटले आणि त्याच आठवड्यात, मी खिडकीत उभी राहून गाणं गुणगुणत होते म्हणून, पट्ट्याने मारलं. बकलाची खूण माझ्या डाव्या मांडीवर आहे. साडी नेसताना रोज दिसते. आज एकवीस वर्षं मी ती बघते आहे आणि रोज मला त्याचा तितकाच राग येतो.

मारायच्या आधी तो खिडकी लावायचा. मग टीव्हीचा आवाज वाढवायचा. मग पुढचं. हा क्रम मी लहानपणी हजारदा पाहिला आणि त्याचा अर्थ काय, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. लहर म्हटलं की प्रश्न संपतात.

आणि खरं सांगायचं तर त्याच्या लहरीवर माझं प्रेमही होतं. एका शनिवारी त्याने मला शाळेच्या गेटवरूनच परत फिरवलं, आईला घरातून खाली बोलावलं आणि आम्हाला वर्सोव्याच्या धक्क्यावर नेलं. तिथून बोटीने मढला. पलीकडे एका घराच्या ओट्यावर बसून आम्ही तळलेले बोंबील खाल्ले. त्याने आईला गजरा घेऊन दिला आणि स्वतःच तिच्या केसांत माळला. तेच केस. मला वाटलं, जगात कोणाचाच बाप असा नसेल, शाळा बुडवून बोंबील खायला नेणारा.

परत येताना बोटीत गर्दी होती. एका कोळिणीची पाटी तिरकी झाली आणि मासळीचं पाणी त्याच्या पांढऱ्या पँटवर सांडलं. तो म्हणाला, "असू दे गं मावशी, धुतलं की जाईल." आणि हसला. ती बाई हसली, सगळी बोट हसली, आईपण हसली. तीन तासांनी घरी पोचल्यावर त्याने पँट बदलली, घडी घालून बादलीत ठेवली, खिडकी लावली, टीव्हीचा आवाज वाढवला आणि आईला मारायला सुरुवात केली. "लोकांसमोर दात काढतेस?" गजरा फरशीवर पडला होता. मी त्यावर पाय देऊन शेजारी पळाले.

लहर तीन तास थांबत नाही, बोटीत बसून येत नाही, रिक्षाचं भाडं देऊन सुटे मोजून घेत नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. नाही कळलं. मी बारा वर्षांची होते ही सबब आहे, पण मग विसाव्या वर्षीही कळलं नव्हतं, त्याला काय सबब?

कळलं ते तो रिटायर झाला त्या दिवशी. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. सत्काराला तो आईला घेऊन गेला नाही, मला घेऊन गेला. कारखान्याच्या कँटीनमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. एकामागून एक माणसं उठून बोलत होती. साहेब कसे घडीत तापतात, घडीत हातातले लोखंडी पाने फेकतात, पण हे कसे कायम शांत. तीस वर्षांत यांचा आवाज चढलेला कोणी ऐकला नाही. एक पोरगेलासा कामगार तर रडायलाच लागला. त्याच्या हातून एक महागडा पार्ट मोडला होता, तर याने त्याला पाणी दिलं होतं आणि चूक स्वतःच्या अंगावर घेतली होती. मी टाळ्या वाजवत होते. त्या साहेबाने रोज शिव्या घातल्या असतील, पण तिथे याची लहर कधीच लागली नाही. तीस वर्षांत एकदाही नाही. ती बरोबर आमच्याच दारात येऊन लागायची.

घरी आलो. तो पुढे, मी मागे जिन्यात. खांद्यावर शाल, हातात नारळ, कपाळावर कुंकू. दारापाशी त्याने चपला काढल्या. डावी उलटी पडली. तो थांबला. वाकला, शाल सावरत ती सुलटी केली, दुसरीला चिकटवून ठेवली, बोटं दाराकडे. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "तुझी आवस बघता मां."

तुझी आई बघते ना. बस, एवढंच. आणि बेल दाबली.

आईने भिंगातून पाहिलं असणार. तिने दार उघडलं तेव्हा तिचे खांदे सैल होते. तोंडभर हसत ती ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. मी तिला डोळ्यांनी खुणा करत होते, तिचं लक्ष नव्हतं. त्याने ओवाळून घेतलं. नारळ फ्रीजवर ठेवला. खिडकी लावली. टीव्हीचा आवाज वाढवला. "मी घरी बसणार त्याचा आनंद झालाय होय तुला?" म्हणाला आणि उघड्या पंजाने तिच्या डाव्या कानावर मारली. ताट, निरांजन, अक्षता सगळं उडालं. ती खाली बसली तसा त्याने त्याच कानावर पुन्हा मारली. कुंकू त्याच्या कपाळावर होतं, शाल खांद्यावरून ढळलीसुद्धा नव्हती. तिच्या कानाचा पडदा फाटला. त्या कानाने तिला आजही ऐकू येत नाही.

तीन दिवसांनी, तो बाजारात गेलेला बघून, मी आईला सांगितलं. तिच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. की चपला तो मुद्दाम ठेवतो. त्याला माहीत आहे तू बघतेस. सगळं माहीत आहे त्याला.

ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. मग म्हणाली, "माका म्हायत असा."

"माहीत आहे? कधीपासून?"

"लय वर्सां झाली."

मी तिच्यावर ओरडले. मग भिंगातून काय बघतेस, कशाला वेड्यासारखी बघतेस, असं काहीबाही. तिने कानातला कापूस नीट केला आणि जे सांगितलं ते मी तिच्या बोलीत नाही, माझ्या शब्दांत लिहिते, कारण त्यातला एक शब्दही चुकायला नको. ती म्हणाली, तो मुद्दाम करतो असं मी म्हटलं तर मला हे घर सोडावं लागेल. लहर आहे म्हटलं की राहता येतं.

मला तिचाही राग आला. आत्ता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा त्याच्यापेक्षा तिचाच जास्त आला. नोकरी लागली तशी मी त्या घरातून निघाले, लग्न केलं, मुलुंडला आले. आईला दहा वेळा म्हटलं, चल माझ्याकडे. दर वेळी तेच. म्हातारा माणूस, एकटा कसा राहील, जरा लहरी आहेत इतकंच. आणि मी तरी काय वेगळं केलं? लग्नाआधी सासरच्यांना सांगताना मीही हेच म्हटलं, बाबा जरा लहरी आहेत. फार सोयीचा शब्द आहे तो. पाहुण्यांसमोर पलंगपोस टाकावा तसा टाकायचा आणि वर बसायचं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन दिंडोशीला गेले. दुपारचे चार वाजले असतील. मी बेल दाबायला हात वर केला, तर मुलीने माझा पदर धरला.

"आई, थांब ना. आजोबांची चप्पल उलटी आहे."

तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. कौल नाही, देऊळ नाही, काही नाही. मीच. आजवर त्या दारात आले की आधी खाली बघत आले, खाली बघून तिचा हात घट्ट धरत आले किंवा सोडत आले, आणि पोरीने ते उचललं.

आई आतून भिंगाला डोळा लावून उभी होती. दार उघडलं, पुढचं लोखंडी जाळीचं दारही उघडलं. तिने ऐकलं होतं, चांगल्या कानाने. तिने नातीकडे पाहिलं, मग चपलांकडे. मग ती वाकली, गुडघ्यावर हात देत, दोन्ही चपला उचलल्या, पॅसेजच्या खिडकीपाशी गेली आणि एक एक करून खाली फेकल्या. पहिली एका स्कूटरवर आदळल्याचा आवाज आला. दुसरीचा नाही आला.

तो आत खुर्चीत बसून पेपर वाचत होता. त्याने पेपरची घडी घातली. मी पाहिलं ते, त्याने घडी घातली. बहात्तर वर्षांचा माणूस, पण हात फिटरचे. आवाज ऐकून बाहेर आलेल्या शेजारच्या काकूंनी माझ्या मुलीला त्यांच्या घरात ओढून घेतलं तेवढ्यात तो दारात आला. आई परत येत होती. त्याने तिचं उजवं मनगट धरलं, लोखंडी दाराच्या फटीत ठेवलं आणि दुसऱ्या हाताने दार ओढलं. एकदा. मग तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा ओढलं. हाड मोडल्याचा आवाज सुकी फांदी मोडल्यासारखा येतो म्हणतात. तसा नाही येत. ओला येतो.

मी त्याच्यावर धावून गेले. पाठीत बुक्क्या घातल्या, केस ओढले, दंडाला चावले, तोंडात रक्त येईपर्यंत चावले. तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन पडला आणि मी त्याला लाथ मारली. एक नाही, तीन. मला बरं वाटलं. हे मी कोणाजवळ कबूल केलेलं नाही, नवऱ्याजवळही नाही, पण फार बरं वाटलं. चौथी लाथ उचलली तेव्हा काकूंच्या दाराच्या जाळीमागे माझी मुलगी उभी दिसली. पाय खाली ठेवला.

बिल्डिंगमधली माणसं जमली. कोणीतरी म्हणालंच, "काका पहिल्यापासून लहरीच."

सरकारी दवाखान्यात आईला बाकावर बसवलं. हात सुजून दुप्पट झाला होता. डॉक्टर मुलगी पंचविशीची असेल. बाजूला दवाखान्यातला पोलीस शिपाई वही उघडून बसला होता. तिने विचारलं, "कसं लागलं?" आजवर दर वेळी आईचं उत्तर ठरलेलं असायचं. न्हाणीघरात पाय घसरला. मी तिला तेवढी संधी देणार नव्हते. मी घाईघाईने म्हणाले, "माझ्या वडिलांनी केलंय. म्हणजे ते जरा..."

आणि माझ्या तोंडातून तोच शब्द आला. "...लहरी आहेत."

एवढं सगळं कळून, सवरून. चावल्याची चव अजून तोंडात असताना.

आईने बरा हात माझ्या हातावर ठेवला. गप्प बस म्हणून नव्हे, थांब म्हणून. आणि शिपायाकडे वळून, हळूहळू, तो लिहू शकेल अशा बेताने बोलली. "लहर नाय. तेंका लहर नाय, कधीच नव्हती. माझा हात धरल्यान, दारात ठेवल्यान, माझ्याकडे बघल्यान आणि दार लावल्यान. मुद्दाम. तसा लिवा."

शिपायाने विचारलं, "रागाच्या भरात?"

"राग नाय. पेपरची घडी घालून इलो."

घडी घालून आला, म्हणजे तिनेही पाहिलं होतं. पॅसेजमधून, उघड्या दारातून. चाळीस वर्षांत तिच्या नजरेतून काहीच सुटलं नव्हतं. शिपायाने लिहिलं. उजवा हात कामातून गेलेला, म्हणून तिने डावा अंगठा उठवला.

केस दिंडोशीच्याच कोर्टात आहे, तारखा पडतात. तो तिथेच राहतो, एकटा. गावाहून नातेवाइकांचे फोन येतात, म्हातारपणी कोर्टात खेचलंत, लहरी माणूस आहे, समजून घ्यायचं. आई चांगल्या कानावरचा फोन बहिऱ्या कानावर नेते आणि त्यांचं बोलून होईपर्यंत धरून ठेवते.

दवाखान्यातून त्या दिवशी तिला मुलुंडला आणलं तेव्हा अंधार पडला होता. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. माझ्या दारात तिने पायानेच चपला काढल्या. एक भिंतीपाशी गेली, दुसरी मधोमध उलटी पडली. ती मागे न बघता आत गेली. माझी मुलगी लगबगीने खाली बसली आणि ती उलटी चप्पल सुलटी करायला लागली, बोटं दाराकडे.

आई आतूनच म्हणाली, "रवांदे गो बाय. नुसती चप्पल असा ती."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिने चप्पल हातात धरून थोडा वेळ विचार केला, मग होती तशी उलटी ठेवून दिली आणि आजीच्या मागे आत पळाली.